हाकेला ओ

हीयुमा बेटावर जानेवारीत चारलाच अंधार पडतो.
लोकरगिरणीच्या मागच्या खोलीत
रीलिका लॅपटॉप मांडून बसली आहे,
पायात मोज्यांचे दोन जोड, शेजारी गारढोण कॉफी,
आणि पडद्यावर तीच ओळ, अकराव्यांदा:
जोडणी झाली नाही.

हेल्वे बाकावर. हातात सूत, बोटांनी गाठी शोधते आहे.
बेचाळीस वर्षं गिरणीची वही तिनं लिहिली.
कोणाची गोणी, किती किलो, पांढरी की करडी,
एकपदरी हवं की दुपदरी.
ऑक्टोबरात छप्पर गळलं
आणि दोन वर्षांची लोकर
शाईसकट वाहून गेली.
म्हणून हा सगळा खटाटोप.

"ठेवणार कुठे म्हणालीस?"
"फ्रँकफुर्टला."
"कोणाच्या घरी?"
रीलिका हसली, मग हसू आवरलं,
प्रश्न काही चुकीचा नव्हता.
"सर्व्हरलेस म्हणतात. म्हणजे सर्व्हर असतो,
पण कोणता ते आपण विचारायचं नाही.
काम आलं की उठतो, नसलं की झोपतो.
झोपेचे पैसे लागत नाहीत."
"माझा एइनोही असाच होता," हेल्वे म्हणाली,
आणि गाठ दातांनी तोडली.

मग ती बर्फाच्या रस्त्याबद्दल बोलू लागली.
समुद्र नीट गोठला तरच तो असायचा,
हेल्टरमाच्या धक्क्यापासून थेट पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत.
वसंतात विचाराल तर नुसतं पाणी.
एक गाडी गेली की थोडं थांबायचं, मग दुसरी.
पट्टा बांधायचा नाही,
बर्फ फुटलाच तर उडी मारता आली पाहिजे.
"सगळे एकदम निघाले ना, की बर्फ कण्हतो.
ऐकलायस कधी तो आवाज?"
रीलिकानं नव्हता ऐकला. तिच्या वाट्याला
तसे हिवाळे फारसे आलेच नाहीत.
पण बोलणं ऐकता ऐकता तिनं एक आकडा खोडला:
एका वेळी शंभर जोडण्या.
लिहिलं, पाच.

तरीही नाही.

चूक सापडली तेव्हा साडेअकरा वाजले होते.
पासवर्ड हेल्वेनंच सुचवलेला,
तिच्या जुन्या मेंढ्याचं नाव, पुढे साल,
आणि मध्ये ते ॲटचं चिन्ह,
त्याच्या शिंगासारखं दिसतं म्हणून हौसेनं घातलेलं.
पत्त्याच्या लांबलचक ओळीत
ते शिंग नको तिथं अडकलं होतं.
ॲप्लिकेशनला वाटत होतं पासवर्ड तिथंच संपला,
आणि ते उरलेलं अर्धं नाव घेऊन
जगभर असं एक घर शोधत होतं
जे कुठंच नाही.

रीलिकानं शिंग काढलं,
जागी टक्क्याची खूण आणि चाळीस.
पत्ता गुपितांच्या कप्प्यात ठेवला, कोडमध्ये नाही.
लॅपटॉप हेल्वेकडे सरकवला.

हेल्वेनं एका बोटानं लिहिलं:
काइना. तामेक्यांची गोणी. काळी मेंढी. साडेचार किलो.
बटण दाबलं.
एक सेकंद. दोन.
रीलिकाचा श्वास अडकला.
हेल्वेचा नाही. झोपेतून उठणाऱ्याला
चपला शोधायला वेळ लागतोच.
चौथ्या सेकंदाला ओळ उमटली,
काळी मेंढी, साडेचार किलो,
फ्रँकफुर्टहून परत येऊन
जणू कुठं गेलीच नव्हती.

दोन आठवड्यांनी रीलिका नोंदी चाळत होती.
दिवसभराची वर्दळ, संध्याकाळी शांतता,
आणि रात्री तीन वाजून बारा मिनिटांनी
एकच विचारणा. शोधायचं काय, ती जागा रिकामी.
दुसऱ्या रात्रीही. मग एक रात्र सोडून पुन्हा.

तिनं हेल्वेला विचारलं. काही बिघडलंय का?
हेल्वे सूत गुंडाळत राहिली.
"छे गं. झोप लागत नव्हती.
म्हटलं, बघू या,
इतक्या रात्री हाक मारली
तर ओ देतं का."